ठकूबाईचे बत्तीस दात

दुष्काळाचं निमित्त करून इनामदारांनी कोठीत धान्य निवडणाऱ्या बायकांची दुपारची भाकरी बंद केली. तिच्याऐवजी कोरा चहा मिळू लागला, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा.

बायका कुरकुरल्या, तेव्हा इनामदारांनी शहरातून दातांचा डॉक्टर बोलावला. त्यानं गावासमोर त्या बायकांपैकी साठीच्या ठकूबाईचं तोंड तपासलं.

“बत्तीसच्या बत्तीस शाबूत! बिनसाखरेचा चहा दातांना चांगलाच. कीड लांब राहते.”

इनामदारांचे स्वतःचे दात गोड खाऊन किडले होते. तरी ते ऐटीत म्हणाले, “ऐकलंस, ठके? आमच्या चहानं तुझे दात राखले. उपकार मान!”

ठकूबाईनं हात जोडले. “मानते, सरकार. पण चार महिने झाले, या दातांना कामच नाही. चहा काय, बोळकं तोंडही पितं. दात राखलेत, तर चावायलाही काही द्या.”

सगळा गाव हसला. डॉक्टरनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी भाकरी सुरू झाली. त्याच दिवशी हुकूम सुटला, ठकूबाईनं कोठीची पायरी चढायची नाही.

दुपारी बायकांपुढं भाकऱ्या आल्या. कुणीच भाकरीला हात लावेना.