शेणकिडा आणि पंधरा मिनिटं

"आता कसं वाटतं सर, माझं इंग्रजी?" लॅपटॉपच्या पडद्यावरून नजर काढत हर्षलाने विचारलं.

कुंभोजकर सर तिच्याकडे बघत राहिले.

प्रश्न उगाच नव्हता. गेल्या वर्षी हैदराबादच्या परिषदेत तिची बोबडी वळली होती. सातव्या वाक्याला पाठांतर तुटलं, आणि शेणकिड्यांवरचं चार वर्षांचं संशोधन तसंच सोडून ती मंचावरून खाली उतरली. आता सोमवारी बंगळूरला पुन्हा उभं राहायचं होतं. परदेशातल्या प्रयोगशाळेत जागा मिळणार की नाही, ते त्या पंधरा मिनिटांवर ठरणार होतं.

म्हणून या खेपेला तिने कंबर कसली होती. शब्द न् शब्द घोटला होता, उच्चार घासूनपुसून लख्ख केले होते. खरं सांगायचं तर, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्या माणदेशी इंग्रजीपेक्षा आपलं आता कितीतरी वरचं झालंय, असं तिला वाटत होतं. तेवढं त्यांच्या तोंडून ऐकायला ती सात तास एस्टीत बसून आली होती.

"सर...?"

सरांनी टेबलावर हात नेला. तिथे चष्म्याच्या डबीवर त्यांचं कानातलं यंत्र ठेवलेलं होतं. त्यांनी ते सावकाश कानात बसवलं.

हर्षलाचा चेहरा उतरला.

"कधी काढलंत?"

"तू सुरुवात केलीस तेव्हाच. तुझ्यासमोर काढलं."

तिला ते दिसलंच नव्हतं. सगळा वेळ ती पडद्याकडे बघत होती.

"मध्ये एकदा माझ्याकडे वळलीस," सर म्हणाले. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर टेकवले आणि मान खाली घातली. "असं केलंस. तिथं काय होतं?"

ती ओशाळली. ऐन वेळी तिथलं वाक्य आठवलं नाही, म्हणाली. मग किडा पुढचे पाय टेकून मागच्या पायांनी शेणाची गोळी कशी ढकलतो, ते तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत हातांनीच करून दाखवलं होतं. तेवढी एकच जागा कच्ची राहिलीय, सोमवारपर्यंत पक्की करते, असंही तिने सांगून टाकलं.

सरांचे तळवे अजून टेबलावर तसेच होते...

आणि तिला कॉलेजमागची गुरांची वाट आठवली. बारा वर्षं झाली त्याला. भर उन्हात, इस्त्रीच्या पँटनिशी सर मातीत पालथे पडले होते. शेजारी वेणी सावरत ती. दोघांच्या नाकासमोरून एक किडा उलटा चालत आपली गोळी नेत होता. सर एक शब्द बोलले नव्हते, नुसतं बोटाने दाखवत होते. घरी आल्यावर मळक्या कपड्यांवरून आईची बोलणी खाताना तिने ठरवलं होतं, जन्मभर हेच करायचं.

तिला भरून आलं. इतक्या वर्षांत तो दिवस एकदाही आठवला नव्हता.

तिने पुन्हा विचारलं, "पण सर, ती जागा सोडून बाकीचं...?"

सर हसले.

"मला तेवढंच ऐकू आलं, पोरी."