उघडलेलं मलम

"…मग सांगा ना आई, जिंकलो की नाही मी?"

यशोधर धावतच गोठ्याच्या दारात आला होता. श्वास लागलेला, डोळे चमकत होते.

गोदाकाठच्या त्या मठात तो दीक्षा मागायला आला होता. मठाच्या प्रमुख चंद्राईंनी अजून होकार दिला नव्हता. लहानपणापासून त्याच्या दोन्ही हातांवर इसब होतं. ऐन उन्हाळ्यातही तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. आज मात्र पारायण संपेपर्यंत त्याने एकदाही खाजवलं नव्हतं. कधी एकदा हे आईंना सांगतो, असं त्याला झालं होतं.

चंद्राई गाईपाशी बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुणाला जिंकलंस?"

"देहाला."

"बघू."

त्याने बाह्या वर केल्या. कोपराच्या लवणीत कातडी लालबुंद झाली होती. मनगटावरच्या भेगेत रक्त सुकलं होतं.

"डॉक्टरांनी काही दिलं नाही?"

"मलम दिलंय. झोळीत आहे, पण उघडलं नाही." त्याच्या आवाजात अभिमान होता. "देहाचे लाड करणाऱ्याने दीक्षा कोणत्या तोंडाने मागायची?"

चंद्राई उठल्या आणि त्यांनी तुपाची वाटी त्याच्यापुढे धरली.

"कपिलेचे सड फुटलेत. लाव."

तो खाली बसला. बोट लागताच गाय शहारली. त्याने हात मागे घेतला, तिच्या पोटावरून फिरवला, काहीबाही पुटपुटला. मग अगदी बोटाच्या टोकाने तूप लावू लागला.

"एवढं जपून कशाला?"

"दुखतंय तिला."

"दुखू दे. देहच तो."

यशोधरने झटकन वर पाहिलं. त्याला चक्क राग आला होता.

"मुकं जनावर आहे, आई. त्याला काय होतंय ते बिचारं कुणाला सांग…"

वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

तो आपल्या मनगटाकडे पाहत राहिला.

चंद्राईंनी कोमट पाणी आणलं. त्याने हात धुतले. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने त्यांनी ते न घासता नुसते टिपून घेतले.

"ओल आहे तोवर लाव."

त्याने घाईघाईने झोळीतून मलम काढलं, उघडलं, एका हाताला लावलं. सकाळपासून आवळून धरलेले खांदे सैल पडले. तो हसला.

"आई, आग निवली. खरंच निवली. आणि मी वेड्यासारखा इतके दिवस…" बोलता बोलता तो दुसऱ्या हाताला मलम लावू लागला. दीक्षेचं विचारायचं तो विसरूनच गेला होता.

मग एकदम थबकला.

"पण उद्या पुन्हा खाज सुटली तर? मग मी हरलो का?"

चंद्राई पुन्हा गाईपाशी बसल्या होत्या.

"उद्याही हात तुझाच असेल."