भट्टीतला भुऱ्या

नदीकाठच्या एका गावात एक कुंभारीण राहत होती. तिचा जीव मडक्यांपेक्षा कुत्र्यांवर जास्त. दोन कुत्री धडधाकट होती आणि तिसरा, भुऱ्या, पायानं अधू.

त्या वर्षी एका पिसाळलेल्या कुत्र्यानं लोकांना चावे घेतले, म्हणून गावानं नियम केला. एका घरात दोनच कुत्री, आणि प्रत्येकाच्या गळ्यात चावडीवरून आणलेला पितळी बिल्ला. बिनबिल्ल्याचं कुत्रं नदीपलीकडच्या रानात सोडायचं. तिथे लंगडा भुऱ्या कसला टिकतोय! कुंभारणीनं दोन बिल्ले आणले आणि तिसऱ्याबद्दल मिठाची गुळणी धरली.

एके सकाळी कोतवाल बिल्ले तपासत गल्लीत शिरला. कुंभारणीची धांदल उडाली. अंगणात भट्टी रचून तयार होती. तिनं भुऱ्याला भट्टीच्या तोंडातून आत सारलं, पुढे माठ लावला आणि बजावलं, "गप बस हं. हूं की चूं करायचं नाही."

शहाणं कुत्रं ते. गप बसलं.

कोतवाल दोन्ही बिल्ले पाहून निघाला, इतक्यात कुंभार चुलीतलं पेटतं लाकूड घेऊन बाहेर आला. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या घरची रीत अशी, की भट्टी लावायच्या वेळी जो दारात येईल त्याच्याच हातून पहिली आग द्यायची.

"वा, कोतवालदादा, वेळेवर आलात! घ्या, तुमच्याच हातानं होऊ द्या."

कोतवाल खूश होऊन वाकला. दोन्ही कुत्री भट्टीभोवती केविलवाणी घुटमळू लागली. भुऱ्या मात्र आत गप्पच होता, कारण त्याला तसं सांगितलं होतं. कुंभारणीनं एकदा भट्टीकडे, एकदा कोतवालाकडे पाहिलं. बोललं तर कुत्रं रानात जाणार, आणि नाही बोललं तर...

तिनं धावत जाऊन कोतवालाचा हात धरला. "दादा, थांबा! आत माझा भुऱ्या आहे!"

माठ बाजूला होताच धुळीनं माखलेला भुऱ्या लंगडत बाहेर आला आणि कोतवालाचेच पाय चाटू लागला. कोतवालानं हातातलं पेटतं लाकूड दूर फेकलं.

"अहो वहिनी, केवढं पाप घडलं असतं माझ्या हातून! अधू जनावरासाठी पाटील तिसरा बिल्ला देतात की. घरात जागा आहे ना, एवढंच बघतात. एकदा विचारायचं तरी!"

"नाही म्हणतील म्हणून भ्यायले हो," ती डोळे पुसत म्हणाली.

पाटलांनी तिला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग बिल्लाही दिला. वर शिक्षा म्हणून गावातल्या भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याची पसरट भांडी करायला सांगितली. एवढी आवडती शिक्षा कुणाला झाली नसेल.

संध्याकाळी भट्टी पेटली. भुऱ्या गळ्यात बिल्ला मिरवत लांब ओसरीवर बसला होता, आणि आता कुणी गप बस म्हणत नव्हतं, म्हणून मनसोक्त भुंकत होता.

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे, त्याला नियमाच्या भीतीनं लपवू नये; आधी जाऊन विचारावं.