चिमकूचा शंख फुटला

समुद्राकाठी विश्राममामाचं घर. घरात काचेची पेटी. पेटी केवढी? एवढीशी! आणि आत खेकडे? खच्चून भरलेले! शंखात राहणारे, घर पाठीवर वाहणारे. मामा समुद्रावर जाई. खेकडा दिसला की उचली. पेटीत कोंबी. जागा आहे का? बघतो कोण!

सगळ्यात लहान चिमकू. चण्याएवढा. एकदा झाली ढकलाढकली. धबाक्! कडाम्! चिमकूचा शंख फुटला. मऊ मऊ पोट उघडं पडलं. पोट वाळलं तर खेकडा जगत नाही!

चिमकूला आला राग. नांगी आपटली, कट्ट कट्ट! चालला तिरका तिरका, खुडुक खुडुक.

भेटला बोऱ्या. बोराएवढा.

"बोऱ्या, बोऱ्या, शंख दे. पोट माझं झाकेना!"

"वा रे वा! आणि मी काय उघडा फिरू? लिंब्याने शंख सोडावा, मग मी सोडीन. हो पुढे!"

कट्ट कट्ट! खुडुक खुडुक. भेटला लिंब्या. लिंबाएवढा.

"लिंब्या, लिंब्या, शंख दे. बोऱ्या शंख सोडीना, पोट माझं झाकेना!"

"चल हट! मलाच माझा आवळतोय. कांद्याने शंख सोडावा, मग मी सोडीन. हो पुढे!"

कट्ट कट्ट! खुडुक खुडुक. भेटला कांद्या. कांद्याएवढा.

"कांद्या, कांद्या, शंख दे. लिंब्या शंख सोडीना, बोऱ्या शंख सोडीना, पोट माझं झाकेना!"

"अरे, मग मी शिरू कुठे? मोठे शंख सगळे मामाच्या कपाटात! मामाने कपाट सोडावं, मग मी शंख सोडीन. हो पुढे!"

पेटीत खेकड्यावर खेकडा, खेकड्यावर खेकडा. चिमकू चढला सगळ्यांच्या पाठीवरून. पडला बाहेर, टप्प!

कट्ट कट्ट! खुडुक खुडुक. भेटला मामा.

"मामा, मामा, कपाट सोड. कांद्या शंख सोडीना, लिंब्या शंख सोडीना, बोऱ्या शंख सोडीना, पोट माझं झाकेना!"

"छट्! ते शंख शोभेचे. पाहुणे बघतात, वाहवा करतात. आणि पेटीत ठेवू कुठे? मामीने मोठी टाकी सोडावी, मग मी कपाट सोडीन. हो पुढे!"

कट्ट कट्ट! खुडुक खुडुक. भेटली चंपामामी. मामीकडे काचेची मोठी टाकी. टाकीत आमसुलांच्या बरण्या.

"मामी, मामी, टाकी सोड. मामा कपाट सोडीना, कांद्या शंख सोडीना, लिंब्या शंख सोडीना, बोऱ्या शंख सोडीना, पोट माझं झाकेना!"

"मी सोडू? बरण्या काय डोक्यावर ठेवू? कपाट माझं! त्यात शंख मांडलेत तुझ्या मामाने. म्हणे शोभा! त्याने कपाट सोडावं, मग मी टाकी सोडीन."

मामा म्हणे, आधी मामी. मामी म्हणे, आधी मामा. आणि चिमकूचं पोट? लागलं वाळायला!

चिमकू रागाने लाल लाल. गेला तसाच मागे. मामाच्या पायाचा अंगठा धरला, कच्च!

"आई आई गं! सोड, सोड!"

"आधी तू सोड!"

"धर घट्ट, चिमकू!" मामी धावत येऊन म्हणाली. "माझं तर ऐकतच नाही हा!"

"सोडतो, सोडतो!"

मामाने कपाट सोडलं. बरण्या गेल्या कपाटात. मामीने टाकी सोडली. टाकीत ओली वाळू, खारं पाणी, मोठे मोठे शंख. काही खेकडे टाकीत, काही पेटीत. बसा ऐसपैस!

कांद्या शिरला मोठ्या शंखात, सुळ्ळ! कांद्याच्या शंखात लिंब्या, सुळ्ळ! लिंब्याच्या शंखात बोऱ्या, सुळ्ळ! बोऱ्याच्या शंखात चिमकू, सुळ्ळ!

झाकलं पोट!

मग राग गेला का? छे! चिमकू शंखातून डोकावला.

"मामा, पुन्हा खेकडे आणून कोंबलेस तर बघ. तुझा दुसरा अंगठा आहेच!"

मामाने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

गोष्ट शिरली शंखात, तुम्ही शिरा पांघरुणात!