बांधापलीकडची नदी

ही गोष्ट कधीची, ते माशांनाही नीट आठवत नाही. नदीला लागून, मधे बांध असलेलं एक तळं होतं. तिथे दर रविवारी गळ टाकून मासे धरायची स्पर्धा भरे. धरलेला मासा तोलायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, असा नियम होता. तळ्यातल्या थोरल्या कटला माशाला लोक कौतुकाने सुभेदार म्हणत. तो ज्याच्या गळाला लागे, तोच बहुधा जिंके.

सुभेदाराचा जन्म मात्र नदीतला. बांधापलीकडे पाण्याची खळखळ वाढली की तो खाणंपिणं विसरून बांधाशी जाऊन थांबे.

एकदा भाद्रपदात नदी फुगली आणि पाणी बांधावरून वाहू लागलं. शेजारची मरळ धावत आली. "चला सुभेदार, वाट मोकळी झाली!"

सुभेदार निघाला, पण बांधाशी येऊन थबकला. "उद्या स्पर्धा आहे गं. मी नसलो तर तिला शोभा नाही. परवा निघू."

"नदीत तुम्हाला सुभेदार म्हणणारं कुणी नाही, हेच ना?"

सुभेदार मागे वळला. मरळ एकटीच पलीकडे गेली.

रविवारी सुभेदार चौदा किलो भरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाण्यात सोडताच तो थेट बांधाकडे सुटला. पूर ओसरून बांध उघडा पडला होता.

"सुभेदार, येताय ना?" पलीकडून मरळीने हाक मारली. पुढची हाक जरा लांबून आली, आणि त्यापुढची त्याहून लांबून.