नळीवरचा आकडा

“आता तरी काय राहिलंय, उस्ताद?”

हिंदुरावनं बंदूक पुढ्यात ठेवली. ठेवली कसली, आदळायचीच बाकी ठेवली. ही तिसरी खेप होती.

दस्तगीर उस्तादांनी चष्मा कपाळावर सारला, नळीवरून एकदा अंगठा फिरवला आणि बंदूक होती तशी मागं ढकलली.

“अजून जुनीच आहे,” ते म्हणाले.

बस्स. पुढं काही विचारावं, तर उस्ताद पानाचं देठ खुडायला लागले. पान जुळलं की माणूस अर्धा तास बोलत नाही, हे हिंदुराव चार वर्षांत पुरतं शिकला होता.

दस्तगीर शिकलगारांचं दुकान घाटमाथ्यावरच्या एका जुन्या संस्थानी गावात, शिलेखान्यामागच्या गल्लीत. बाप-आजे तलवारींना धार लावायचे, यांनी बंदुका दुरुस्त केल्या. त्यांच्याकडं चंद्रकोरीचा एक पोलादी शिक्का होता. शिष्याच्या कामावर तो एकदा ठोकला की शिष्य सुटला. मग त्यानं खुशाल स्वतःचं दुकान थाटावं, चार तालुक्यांतले लोक डोळे झाकून त्याच्या हातात बंदूक देणार.

आजवर तो शिक्का दोघांच्याच कामावर बसला होता. तिसरे आपण, हे हिंदुराव मोहिते यांनी दुकानात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

तसा गडी हुशार, नाही कोण म्हणतो? दहा वर्षं कारखान्यात लेथवर काढलेली, माप केसाइतकंही चुकायचं नाही. पण हुशारी पोटात राहील तर शपथ. आल्याच्या पहिल्याच महिन्यात त्यानं उस्तादांनाच कानस कशी धरावी ते सांगितलं होतं. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि वर्षभर त्याला नुसती कानस चालवायला लावली.

आणि आता ही बंदूक. सुभेदार खाड्यांची. दर बाराला हातानं बोल्ट ओढायची जुनी लष्करी बंदूक, त्यांच्या वडिलांनी परवान्यावर घेतलेली. सरकारी कागद आला, की काडतुसाचं हे लष्करी माप घरात ठेवायला चालणार नाही. बदलून घ्या, नाहीतर जमा करा. सुभेदारांनी रीतसर मंजुरी काढली आणि बंदूक दुकानात आणून दिली.

नवं काडतूस जुन्याहून अंमळ जाड. म्हणजे नळी रुंद करायची, काडतुसाचं घर मोठं करायचं. नाजूक काम. उस्ताद म्हणाले, हे एकट्यानं कर, मी बोट लावणार नाही. हिंदुरावच्या मनात लाडू फुटले.

पहिल्या खेपेला उस्ताद “जुनीच आहे” म्हणाले, तेव्हा त्याला वाटलं, काडतुसाची रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नसेल. ती ओढून काढणारा हूक त्यानं नवा घडवला. दुसऱ्या खेपेला त्यानं बंदुकीतली काडतुसांची पेटी बदलली. तिसऱ्या खेपेला तर लाकडी दस्त्याला तेल पाजून आरशासारखा केला, नव्या मापाची वीस काडतुसं घालून काढून पाहिली. वीसच्या वीस सुरळीत.

आणि तरी हा म्हातारा म्हणतो, जुनीच आहे!

जीव मेटाकुटीला आला होता त्याचा. उस्तादांचा हात आताशा कापायचा. आणखी वर्षभरानं शिक्का धरवेल की नाही, कुणी सांगावं? आणि यांना सरळ चार शब्द बोलायला काय होतं? घोडं कुठं पेंड खातंय ते तरी कळू द्या. मग त्याला वाटायला लागलं, म्हाताऱ्याला शिक्का द्यायचाच नाही.

तो तसं बोलूनही गेला.

उस्तादांनी पिंक टाकली. “सुभेदारांना बोलावून आण,” ते म्हणाले. “आणि जुनं एखादं काडतूस असलं तर खिशात टाकून या, म्हणावं.”

हिंदुराव पाय आपटत गेला. सुभेदारांचं घर दोन गल्ल्या सोडून. वाटेनं येताना त्यानं त्यांना परत एकदा बजावलं, की बंदुकीचं माप बदललंय, जुनी काडतुसं आता चालायची नाहीत. सुभेदार प्रत्येक वाक्याला “व्हय, व्हय” म्हणाले. ऐंशीचं वय, पण चाल अजून कवायतीची.

दुकानात आल्यावर उस्तादांनी बंदूक उचलून सुभेदारांच्या हातात दिली.

सुभेदारांचा चेहरा उजळला. त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला, नळी उजेडात धरली, चष्मा नाकावर ओढून नळीच्या बुडाशी कोरलेला मापाचा आकडा वाचला. मग हात खिशात गेला.

“भरा की,” उस्ताद म्हणाले.

सुभेदारांनी जुनं काडतूस घातलं. बोल्ट पुढं सारला, खाली दाबला.

बसला. अगदी अलगद बसला.

बंदूक खांद्याला लागली. मागच्या दारातून परसात, वाळूच्या पोत्यांवर रोखली गेली. सुभेदारांचं बोट सवयीनं चापावर गेलं...

“सुभेदार!”

हिंदुरावनं नळी वर उडवली आणि बंदूक हिसकावून घेतली. रुंद घरात ते बारीक काडतूस सैल बसतं. उडालं असतं तर पितळ फाटून आग मागं आली असती, थेट त्या चष्म्यावर. हे बंदूकवाल्यांचं शेंबडं पोरही सांगेल.

त्यानं बोल्ट ओढला. काडतूस तळहातावर पडलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की बोल्टमध्ये काडतुसावर आपटून ते उडवणारी पिनच नाही.

पिन उस्तादांच्या बंडीच्या खिशातून डोकावत होती.

आता मात्र हिंदुरावचा तोल गेला. आधी तो सुभेदारांवर घसरला. किती वेळा सांगितलं तुम्हाला? बंदूक आणून दिलीत तेव्हा सांगितलं, आत्ता वाटेत सांगितलं, कान कुठं ठेवता?

“सांगितलंस बाबा,” सुभेदार ओशाळून म्हणाले. “पण हाताला कुठं ऐकू येतंय? हात तीस वर्षं तेच भरतोय. आणि तिच्यावर तर तोच आकडा हाय.”

हिंदुरावनं नळीकडं पाहिलं.

जुना आकडा होताच. त्यानं तो जपला होता. नळीला पॉलिश करताना आकड्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती, तो झिजू नये म्हणून. जुन्या कारागिरांची खूण, आपण कोण पुसणार? त्याच्या शेजारची नखाएवढी जागा मात्र त्यानं घासून लख्ख केली होती.

ती शिक्क्यासाठी होती.

नव्या मापाचा आकडा कुठंच नव्हता. तो घालायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं...

उस्ताद सुभेदारांना सुपारी कातरून देत होते.

त्याला भयंकर लाज वाटली. इतकी, की उस्तादांकडं मान वर करून बघवेना. त्यानं बंदूक टेबलाच्या शेगड्यात, त्या लोखंडी पकडीत आवळली आणि जुन्या आकड्यावर छिन्नीनं आडवी रेघ मारली. मग आकड्यांचे ठसे घेतले आणि जागा शोधू लागला. नळी तिथं गोल, लाकूड वरपर्यंत आलेलं. सुभेदारांच्या चष्म्याला दिसेल अशी सपाट जागा एकच होती.

हातोडा हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. चार वर्षं त्या जागेसाठी काढली होती.

मग त्यानं ठोकायला सुरुवात केली.

बंदूक परत सुभेदारांच्या हातात आली. त्यांनी पुन्हा चष्मा ओढला आणि बोट ठेवत, एकेक करून नवा आकडा मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी खिशात चाचपून उरलेली दोन जुनी काडतुसं काढली आणि आपणहून टेबलावर ठेवली. घरी डबाभर आहेत, म्हणाले, संध्याकाळी आणून देतो.

ते गेल्यावर हिंदुराव म्हणाला, “उस्ताद, पहिली बंदूक होती ही माझ्या एकट्याच्या हातची. तुमच्या शिक्क्याला जागाच उरली नाही तिच्यावर. नावनिशाणी काही राहिली नाही माझी.”

उस्तादांनी बंडीतली पिन काढून त्याच्या हातावर ठेवली.

“आत्ता सुभेदारांनी मोठ्यानं वाचलं,” ते म्हणाले, “ते मग कुणाचं नाव होतं?”