चालत्या बंगल्याची थरथर

देवळसरच्या महाराजांचा चालता बंगला थरथरला आणि कपातला चहा थेट विहीणबाईंच्या पैठणीवर सांडला. तेव्हापासून महाराजांना अन्न गोड लागेना.

चालता बंगला म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, मध्ये चूल आणि कपबश्यांची फळी, मागे महाराजांचा पलंग. घोड्याच्या दौडीइतक्या वेगापर्यंत गाडी गुणी बाळासारखी चाले. त्यापुढे गेली की तळ गुणगुणू लागे, कपबश्या नाचत आणि पलंगावर बसलेल्याचे दात वाजत.

दोष कुणाचा हे महाराजांनी शोधायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. सगळ्या कारभाऱ्यांदेखत ते ड्रायव्हर येसाजीवर कडाडले, "तुझा हात कापतो, म्हणून गाडी कापते. गाडी थरथरवणारा जो कोणी असेल, तो आज सूर्य मावळायच्या आत संस्थानातून हद्दपार! हा माझा शब्द आहे."

येसाजी मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायको सरजा गाडीतल्या चुलीवर स्वयंपाक करायची. तिने हे सगळं ऐकलं. घर सोडायचं, दारातला शेवगा सोडायचा, आणि तेही न केलेल्या गुन्ह्यापायी! पण घाबरली की सरजेची जीभ अडखळण्याऐवजी सुटायची. पदर खोचून ती पुढे झाली.

"सरकार, खोड आमच्या मालकांच्या हातात न्हाई, गाडीत हाय. मी हुडकून देते."

"दे की. पण एक खिळासुद्धा सैल करायचा नाही, आणि गाडीखाली कुणी डोकावायचं नाही. दसऱ्याची पूजा झालीय. पुढच्या दसऱ्यापर्यंत खालच्या अंगाला नजर लागता कामा नये."

दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले. वैद्याला दाराबाहेर उभं करून रोग्याची नाडी बघ म्हणण्यातलाच हा प्रकार होता.

"चालंल," सरजा म्हणाली. "मग आधी सरकारांनीच गाडी हाकावी."

महाराजांना तेवढंच हवं होतं. सगळे आत बसले, महाराजांनी चाक हाती घेतलं आणि गाडी माळावरच्या रस्त्याला लागली. दौडीचा वेग ओलांडला मात्र, कपबश्यांनी ताल धरला.

"काय सरजाबाई, कळलं का काही?" महाराजांनी विचारलं.

"काय सांगू सरकार? सरकारांचा हात कापतो म्हणायची माझी काय बिशाद."

महाराजांनी गाडी थांबवली आणि मुकाट्याने येसाजीला जागा दिली. पुढे लांबच लांब उतार लागला.

"अवं, गियर काढा, इंजिन बंद करा," सरजा नवऱ्याला म्हणाली. "नुसती घरंगळू द्या."

इंजिन गप्प झालं. गाडी आपल्याच वजनाने उतरू लागली, वेग वाढला आणि तळ पुन्हा गुणगुणू लागला.

"इंजिन तर निजलंय सरकार. निजलेल्यावर आळ कसा घ्यावा?"

"मग चाकं असतील," दिवाणजी घाईने म्हणाले.

"बघू की." सरजेने काठोकाठ ताक भरलेल्या वाट्या खाली मांडल्या. एक पुढच्या चाकांपाशी, एक मागच्या चाकांवर आणि एक मधोमध, चुलीजवळ. सपाटीला लागल्यावर येसाजीने वेग दिला. पुढच्या वाटीत बारीक तरंग उठले, मागच्या वाटीतही तसेच. मधल्या वाटीतलं ताक उसळून महाराजांच्या जोड्यावर पडलं.

"चाकं हायेत पुढं न् मागं. गाडीचं दुखतंय मधी," सरजा म्हणाली. "अवं, हितं खाली काय हाय?"

"लांब दांडा हाय," येसाजी म्हणाला. "इंजिनाचा जोर मागल्या चाकांस्नी पोचिवतो. इंजिन निजलं तरी गाडी पळंल तसा गरागरा फिरतो."

"मग त्याच्या एका अंगाला कायतरी जड लागलंय. भिंगरीला चिखलाचा गोळा चिकटला तर हळू फिरताना कळत न्हाई, जोरात फिरली की हात हलिवती. दसऱ्याआधी गाडी शहाणी हुती. दसऱ्याला खाली कोण गेलं हुतं?"

येसाजी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. दिवाणजींना खिडकीबाहेरची बाभूळ फार आवडली. महाराजांचे कान मात्र लाल झाले होते.

"त्याचं असं आहे," शेवटी ते खाकरून म्हणाले, "दसऱ्याला हत्तिणीच्या पायात चांदीचा तोडा घालायची आमच्या घराण्याची रीत. हत्तीण गेली. मग तिचा मान गाडीला द्यायला नको? चाकात काही तोडा बसेना. तेव्हा मी स्वतः खाली जाऊन, कडी उघडून त्या दांड्याभोवती घातला. सैल होत होता, म्हणून एका बाजूला तारेने करकचून आवळला. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून बोललो नाही."

हत्तिणीच्या पायातला तोडा! दोन्ही हातांनी उचलावा असा. येसाजीने कपाळाला हात लावला आणि महाराज बघताहेत म्हणून घाम पुसल्यासारखं केलं.

गाडी वाड्यापाशी थांबली. दिवाणजींना राहवलं नाही. "महाराज, सूर्य कलला. हद्दपार कुणाला करायचं? शब्द सगळ्यांदेखत दिलाय."

महाराज पेचात पडले. शब्द मोडावा तर नाक कापलं जाणार, पाळावा तर स्वतःच गाठोडं बांधावं लागणार. त्यांची नजर फिरत फिरत पुन्हा येसाजीवर येऊन थांबली. अडचणीत सापडलेल्या राजाची नजर गरिबावरच का थांबते, हे सरजेला चांगलं ठाऊक होतं. तिने वेळ घालवला नाही.

"सरकारांचा शब्द खाली पडून कसं चालंल? गाडी थरथरवणारा गेलाच पायजे. सरकारांनी तोड्याला मानानं बसवलं, पर त्यालाच नीट बसता येईना. मग गुन्हा कुणाचा? तोड्याचा. त्यालाच करा हद्दपार."

महाराजांचा चेहरा उजळला. मग पुन्हा पडला. "अगं, पण तोडा काय स्वतःच्या पायाने शीव ओलांडणार आहे?"

"न्हाई ना. पर माझं माहेर शिवंच्या पल्याडच हाय. मी निघते की त्याला घिऊन. अन् हद्दपार म्हटल्यावर परत आणायची बी सोय न्हाई."

 महाराज असे हसले, असे हसले, की पागोटं सुटून गळ्यात आलं. त्यांनीच येसाजीला गाडीखाली धाडून तोडा काढवला, सरजेची साडीचोळीने ओटी भरली आणि तिला माहेरी पोचवायला चालता बंगला दिला.

चार दिवस माहेरपण करून सरजा परत आली. तोडा काही आला नाही.